स्थिर भूमीतील भूकंप आणि भूरूपे : प्रस्तावना

खंडांच्या अंतर्भागात, भूपट्टांच्या कडांपासून शेकडो किलोमीटर आत, असे विस्तीर्ण प्रदेश आहेत की तिथल्या दहा-दहा पिढ्यांनी जमीन हललेली अनुभवलेली नसते. भारताचे द्वीपकल्प, ऑस्ट्रेलियाचा बहुतेक भाग, उत्तर अमेरिकेचा मध्य व पूर्व भाग, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया आणि आफ्रिकेचे जुने गाभे हे असे प्रदेश होत. भूविज्ञानात त्यांना स्थिर खंडीय प्रदेश म्हणतात. त्यांचा पाया फार प्राचीन खडकांचा असतो. दक्षिण भारतातील धारवाड गाभ्यासारख्या ठिकाणी तो तीनशे कोटी वर्षांहूनही जुना आहे. इतक्या काळात थंड आणि ताठर झालेले हे भूकवच सहजासहजी वाकत नाही, तुटत नाही. तरीही अधूनमधून ते तुटते. असा भूकंप विरळ असतो, पण होतो तेव्हा सपाट माळावर कडा उभा राहतो, नदी अडते, तळे तयार होते किंवा असलेले तळे रिते होते. भूकंपाची आठवण दोन-तीन पिढ्यांत विरून जाते. कडा आणि वळलेली नदी हजारो वर्षे राहते. म्हणूनच या प्रदेशांच्या बाबतीत भूमीचे रूप हीच भूकंपांची सर्वांत लांबलचक बखर ठरते. ती कशी लिहिली जाते, कुठे टिकते, कुठे पुसली जाते आणि कशी वाचायची, हा या विषयाचा गाभा आहे.

‘स्थिर’ हा शब्द येथे तुलनेने वापरलेला आहे. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत आहे आणि त्याची उत्तरेकडील कडा आशिया खंडाखाली घुसत आहे. हिमालयाची उंची आणि तिथले मोठे भूकंप या रेट्यातून आले. द्वीपकल्पही त्याच भूपट्टाबरोबर प्रवास करते, पण एकसंध ठोकळ्यासारखे. त्यावरील दोन ठिकाणांमधले अंतर वर्षाला फार तर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने बदलते. पुष्कळ ठिकाणी हा बदल उपग्रहाधारित मोजणीच्या चुकीच्या मर्यादेतच हरवून जातो. हिमालयात काही शतकांत साठणारा ताण इथे साठायला हजारो, कदाचित लाखो वर्षे लागतात. ताण साठण्याची गती मंद असली तरी साठलेला ताण थोडा असतो असे नाही. जुन्या कठीण खडकात तो दीर्घकाळ धरून ठेवला जातो आणि केव्हातरी एकदम मोकळा होतो.

तो मोकळा व्हायला कच्ची जागा लागते. खंडांच्या इतिहासात अनेकदा भूकवच ताणले जाऊन खचदऱ्या तयार झाल्या. काही ठिकाणी खंड पूर्ण दुभंगले आणि मध्ये समुद्र आले. काही ठिकाणी ही फाटण्याची क्रिया अर्धवटच थांबली. अशा अर्धवट राहिलेल्या खचदऱ्या पुढे गाळाने भरल्या, वरून सपाट झाल्या, पण खालचे प्रस्तरभंग, म्हणजे व्यवहारात ज्यांना सर्रास ‘फॉल्ट’ म्हणतात त्या तुटीच्या पातळ्या, तशाच राहिल्या. कच्छची खचदरी डायनोसॉरांच्या काळातली आहे. नर्मदा-सोन पट्टा त्याहूनही जुना आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या गाळाखाली दडलेली रीलफुट खचदरी पन्नास कोटी वर्षांहून जुनी आहे. स्थिर प्रदेशांतले ७ किंवा अधिक महत्तेचे भूकंप प्रामुख्याने अशाच पट्ट्यांत झालेले आहेत. महत्ता म्हणजे भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ती एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. पूर्वी ज्या पातळ्यांवर भूकवच ताणले गेले, त्याच पातळ्यांवर आज ते दाबले जाते. एकेकाळी खाली घसरलेला भाग आता वर ढकलला जातो. जुनी दरी हळूहळू टेकडी होऊ लागते.

तुटीच्या काठावर आलेल्या खडकाला अखेरचा धक्का अगदी किरकोळ कारणानेही बसू शकतो. हिमयुगात साचलेल्या बर्फाचे ओझे वितळून उतरले, वरचे खडक झिजून भार कमी झाला किंवा भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला, तरी प्रस्तरभंग सरकतो. याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कोयना आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले, लहान धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. जलाशयाच्या पाण्याने टाकलेला जादा दाब खडकातल्या मूळ ताणाच्या मानाने अत्यल्प असतो. तेवढ्याने एवढा भूकंप घडला, याचा अर्थ खालचा खडक आधीच तुटीच्या उंबरठ्यावर होता. स्थिर दिसणाऱ्या भूमीच्या पोटात ताण किती भरलेला असू शकतो, हे कोयनेने जगाला दाखवले. त्यासाठीच पुढे या परिसरात खोल वेधन करून भूकंपाच्या उगमाजवळचा खडक तपासण्याचे काम हाती घेतले गेले.

भूकंपाने भूरूप कसे घडते, हा एका अर्थी जमाखर्चाचा प्रश्न आहे. प्रत्येक मोठा भूकंप प्रस्तरभंगाच्या एका बाजूची जमीन थोडी वर उचलतो, ही जमा. पाऊस, वारा, नद्या आणि नांगर ती झिजवतात; हा खर्च. भूपट्टाच्या कडेला जमा इतकी भराभर होते की खर्च मागे पडतो आणि पर्वत उभे राहतात. स्थिर प्रदेशात दोन्ही बाजू मंद असतात. मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात उघडा कातळ दहा लाख वर्षांत जेमतेम काही मीटर झिजतो. समजा, तिथल्या एखाद्या प्रस्तरभंगावर लाख वर्षांतून एकदा भूकंप झाला आणि दर वेळी जमीन मीटरभर उचलली गेली, तर दहा लाख वर्षांत दहा मीटरची जमा होते. एवढ्याशा जमेतूनही तिथे लांबवर दिसणारी कडा शिल्लक राहू शकते. तेवढीच उचल पावसाच्या प्रदेशात, मऊ मातीत, नांगरलेल्या शेतात झाली तर काही दशकांत तिचा मागमूस उरत नाही. म्हणून भूकंपाची खूण दिसते की नाही हे भूकंपाच्या आकारावर जितके अवलंबून असते, तितकेच हवामानावर, खडकावर आणि माणसाच्या वहिवाटीवर.

भूकंपाने जमीन उचलली जाते, या गोष्टीचा पुरावा जगाच्या विज्ञानाला प्रथम ठसठशीतपणे मिळाला तो कच्छमध्ये. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात फार मोठा भूकंप झाला. भुजसह अनेक गावे उद्ध्वस्त झाली, दूर अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार कोसळले. पण सर्वांत विलक्षण बदल रणाच्या वायव्य भागात झाला. जिथे क्षितिजापर्यंत सपाट खारजमीन होती तिथे पूर्व-पश्चिम पसरलेला एक लांबच लांब उंचवटा दिसू लागला. त्याची लांबी सुमारे ८० ते ९० किलोमीटर आणि उंची काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत होती. सिंधू नदीची एक जुनी पूर्वेकडची शाखा या भागातून कच्छकडे येत असे आणि तिच्यावर वरच्या बाजूला सिंधच्या सत्ताधीशांनी आधीच बांध घातलेले होते. माणसांनी घातलेल्या त्या बांधांपुढे हा निसर्गाने घातलेला बांध लोकांना वेगळा वाटला. त्यांनी त्याला ‘अल्लाह बंद’ हे नाव दिले. उंचवट्याच्या दक्षिणेकडची जमीन त्याच वेळी खचली. तिथे सिंदरी हे नदीकाठचे लहानसे ठाणे होते. समुद्राचे पाणी आत शिरले, ठाणे बुडाले आणि तिथल्या लोकांनी बुरुजावर चढून जीव वाचवला. भोवती विस्तीर्ण तळे पसरले.

पुढची घटना भूरूपांच्या अभ्यासात तितकीच मोलाची आहे. १८२६ साली सिंधू नदीला मोठा पूर आला, वरचे कृत्रिम बांध फुटले आणि पाण्याचा लोंढा अल्लाह बंदापाशी येऊन थडकला. नदीने तो कापून आपला रस्ता पुन्हा मोकळा केला. कापलेल्या काठांत उंचवट्याचे अंतरंग उघडे पडले आणि तो बाहेरून वाहून आलेल्या मातीचा ढीग नसून तळाची जमीनच वर उचललेली आहे हे दिसले. अलेक्झांडर बर्न्स याने १८२७ आणि १८२८ मध्ये या भागाला भेट देऊन वर्णन लिहिले. चार्ल्स लायेल याने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथात कच्छच्या हकिकतीला मानाचे स्थान दिले. भूमीची रूपे आजही आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत, हा त्याचा मुख्य मुद्दा होता आणि अल्लाह बंद हा त्याचा बिनतोड दाखला ठरला. उचल आणि झीज, जमा आणि खर्च, दोन्ही सुमारे सात वर्षांत एकाच जागी घडलेले इतके स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतात.

कच्छला पूर्णपणे स्थिर अंतर्भाग मानावे की जवळच्या भूपट्ट-कडेच्या प्रभावाखालचा पट्टा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही विरळ भूकंपांची बेरीज होऊन प्रदेशाचे संपूर्ण रूप कसे घडते, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा भारतात नाही. कच्छच्या मुख्य भूभागातल्या डोंगररांगा आणि रणातून वर डोकावणारी पच्छम, खडीर, बेला ही बेटे प्रस्तरभंगांच्या ओळीनेच उभी आहेत. रांगांची उत्तरेकडची बाजू सहसा तुटलेल्या कड्यासारखी आणि दक्षिणेकडची उतरती असते. कारण थरांचे ठोकळे एका कडेने उचलले जाऊन कलले आहेत. ज्या खडीर बेटावर धोलावीराचे हडप्पाकालीन नगर वसले, ते बेटही या उचलीचेच फळ आहे. याउलट २६ जानेवारी २००१च्या ७.६ महत्तेच्या भुज भूकंपात प्रस्तरभंग पृष्ठभागापर्यंत फाटत आलाच नाही. नवी सलग कडा कुठे तयार झाली नाही. मात्र रणात आणि बन्नीच्या गवताळ भागात हजारो ठिकाणी जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली. एवढ्या मोठ्या भूकंपाचीही पृष्ठभागावरची सही इतकी फिकी असू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

महाराष्ट्रात या विषयाचे नाव किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे नुकती झोपी गेली असताना, तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर तेरणा नदीच्या खोऱ्यात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. उगम फार उथळ, दहा किलोमीटरच्या आत होता आणि घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची, वर मातीचा जाड थर दिलेल्या माळवदांची होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. आदल्या वर्षी, १९९२च्या पावसाळ्यापासून, परिसरात लहान धक्के बसत होते.

किल्लारीजवळच्या शिवारात भूकंपानंतर जे दिसले ते पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटावे असे होते. शेतातून नागमोडी जाणारा एक उंचवटा, एरवी बांध समजून ओलांडला जावा असा. बहुतेक ठिकाणी गुडघाभर आणि कुठेही मीटरभर न भरणारा. त्याच्या माथ्यावर मातीची ढेकळे उलथलेली, जमीन चुरगळून एकमेकींवर चढलेली. हा मोडतोडीचा पट्टा तुटक तुटक होता आणि त्याची लांबी फार तर एक-दोन किलोमीटर होती. दाबाने तुटलेल्या खडकाची एक बाजू दुसरीवर चढली होती आणि तिचे टोक इथे जमिनीबाहेर डोकावले होते. पण ही जमीन काळी होती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. दरवर्षी ती आपोआपच खालीवर होत राहते. त्यात नांगरट, वखरणी आणि शेताची सपाटी आली. असा उंचवटा त्या मातीत काही वर्षांतच ओळखू येईनासा होतो. दख्खनच्या पठारावर पूर्वी असे किती भूकंप झाले याच्या खुणा का सापडत नाहीत, याचे उत्तर या एका शेतात मिळते. अशा जमिनीत बखरीची पाने लिहिली जातात आणि लगेच पुसलीही जातात.

वरचे पान पुसले तरी खालचे राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधन केले. त्यात वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे थर निघाले आणि त्यांच्याखाली, गाळाच्या एका पातळ थरानंतर, प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांचा पाया लागला. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतले लाव्हाचे थर जुळवून पाहिले तेव्हा ते सुमारे ६ मीटरांनी खालीवर सरकलेले आढळले. १९९३च्या भूकंपात जमीन मीटरभरही उचलली गेली नव्हती. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजल्यानंतर याच तुटीवर याआधीही भूकंप झाले होते. सुरुवातीला काही अभ्यासकांनी ही अगदी नवी तूट असावी असे मांडले होते. वेधनाच्या पुराव्याने जुनी तूट पुन्हा जागी झाल्याच्या मताला बळ मिळाले. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीबरोबरच तेरणेकाठच्या तेर या प्राचीन नगरीतही भूतकाळातल्या भूकंपांचा माग काढला. मात्र सहा मीटरांचा हिशेबही बोलका आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांत एवढीच उचल झाली असेल तर तिथे डोंगर दिसण्याची अपेक्षाच ठेवता येत नाही. सपाट माळ हा भूकंप न झाल्याचा पुरावा नव्हे.

ऑस्ट्रेलियात चित्र उलटे आहे. तिथल्या कोरड्या, विरळ वस्तीच्या आणि अतिशय मंद झिजणाऱ्या भूमीवर लहान कडाही दीर्घकाळ टिकते. म्हणून स्थिर भूमीच्या भूकंपांचे ते जणू खुले दालन आहे. १४ ऑक्टोबर १९६८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात मेकरिंग या गव्हाच्या पट्ट्यातील गावी ६.५ महत्तेच्या आसपासचा भूकंप झाला आणि सुमारे ३७ किलोमीटर लांबीची कडा उभी राहिली. काही ठिकाणी ती दोन मीटर उंच होती. लोहमार्गाचे रूळ वाकले, पाण्याची मोठी नळवाहिनी मोडून दबली. २२ जानेवारी १९८८ रोजी उत्तर ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीकजवळ बारा तासांच्या आत तीन मोठे भूकंप झाले आणि तीस किलोमीटरहून लांब कड्यांचा पट्टा तयार झाला. तिथून जाणारी नैसर्गिक वायूची नळवाहिनी दाबली जाऊन जवळजवळ मीटरभराने आखूड झाली. जमीन दाबली जाते म्हणजे काय, हे त्या आखडलेल्या नळाइतके थेट क्वचितच दिसते. टेनंट क्रीकला या भूकंपापूर्वी तुटीच्या जागी भूकंपाची चाहूल देणारा कोणताही उठाव नव्हता.

एखाद्या तुटीवर भूकंप थोड्या थोड्या काळाने परत होत राहिले की मोठ्या नद्यांनाही वाट बदलावी लागते. आग्नेय ऑस्ट्रेलियात एचुका गावाजवळचा कॅडेल प्रस्तरभंग हे त्याचे उत्तम उदाहरण. सुमारे ७० हजार ते २० हजार वर्षांपूर्वीच्या काळात या तुटीवर अनेक मोठे भूकंप झाले आणि तिच्या पश्चिमेकडची जमीन काही ठिकाणी १५ मीटरपर्यंत उचलली गेली. अत्यंत सपाट मैदानातून पश्चिमेकडे वाहणाऱ्या मरे नदीला एवढी भिंत पुरेशी होती. तिचे जुने पात्र उंचवट्यावर कोरडे पडले. पाणी पूर्वेकडे तुंबले, तळे झाले. नदी भिंतीला वळसा घालून आधी उत्तरेकडे आणि नंतर दक्षिणेकडे नवी वाट काढत गेली. दक्षिणेकडची वाट तुलनेने नवी असल्याने तिथे पात्र आजही अरुंद आहे. मोठा पूर त्यात मावत नाही आणि पाणी आजूबाजूला पसरते. या पसरणाऱ्या पाण्यावरच बार्मा परिसरातली रेड गम वृक्षांची विस्तीर्ण वने पोसली आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या भूकंपांनी आजच्या जंगलाची जागा ठरवली, हा भूरूप आणि जीवसृष्टी यांच्यातला फार खोल संबंध आहे.

नदी आणि भूकंप यांची याहून नाट्यमय गाठ अमेरिकेतल्या न्यू मॅड्रिडला पडली. १६ डिसेंबर १८११ पासून ७ फेब्रुवारी १८१२ पर्यंत मिसिसिपीच्या खोऱ्यात ७ किंवा त्याहून अधिक महत्तेचे भूकंप एकामागून एक झाले. शेवटच्या मोठ्या भूकंपात रीलफुट प्रस्तरभंगाने नदीचा तळच आडवा उचलला. काही काळ पाणी उलटे वाहिले, पात्रात तात्पुरते धबधबे निर्माण झाले. शेजारचा एक ओढा अडून टेनेसी राज्यातले रीलफुट तळे तयार झाले. बुडालेल्या सायप्रस वृक्षांची खोडे त्यात अजून दिसतात. मैदानात शेकडो किलोमीटरपर्यंत गाळाचे द्रवीभवन झाले. पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने पातळ होऊन भेगांतून वर उसळली आणि शेतांवर पांढरट चकत्यांसारखी पसरली. या चकत्या छेदून पाहिल्यावर त्यांच्या खाली आणखी जुन्या चकत्या मिळाल्या. त्यांच्यालगतचा कोळसा आणि मूलनिवासी लोकांच्या खापरांवरून असेच भूकंप इसवी सन ९०० आणि १४५०च्या सुमारासही झाल्याचे ठरवता आले. थंड, ताठर भूकवचात भूकंपलहरी फार दूरवर पोचतात, त्यामुळे हे परिणामही विस्तृत भागात दिसतात. २०११ साली व्हर्जिनियात झालेल्या ५.८ महत्तेच्या भूकंपाने दोनशे किलोमीटरहून दूरच्या उतारांवरचे दगड सुटले होते.

हिमयुगात बर्फाने झाकलेल्या प्रदेशांत भूकंपांचे वेळापत्रक बर्फाने ठरवले. उत्तर स्वीडनमधली पॅर्वी कडा सुमारे १५५ किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी दहा मीटरहून उंच आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, किलोमीटरभराहून जाड बर्फ वितळून भूकवचावरचे ओझे उतरत असताना, ती एका प्रचंड भूकंपात उभी राहिली असे मानले जाते. आज त्या प्रदेशात तसे मोठे भूकंप होत नाहीत. कॅनडाच्या उंगावा भागात मात्र २५ डिसेंबर १९८९ रोजी, जिथे मोठा भूकंप अपेक्षितच नव्हता तिथे, ६ महत्तेच्या आसपासचा धक्का बसला. काही किलोमीटर लांबीची कडा उठली आणि एक तळे रिते झाले.

या सर्व उदाहरणांतून काळाबद्दलचा एक धडा निघतो. भूपट्टाच्या कडेवरचे प्रस्तरभंग कमी-अधिक नियमाने पुन्हा पुन्हा तुटतात. स्थिर प्रदेशातल्या तुटी दीर्घ झोप घेतात, मग काही हजार वर्षांत अनेकदा सरकतात आणि पुन्हा लाखो वर्षांसाठी शांत होतात. कॅडेल त्याच रीतीने वागला. न्यू मॅड्रिडचे रूपही तेच सांगते. गेल्या काही हजार वर्षांतला उचलीचा वेग लाखो वर्षे चालू राहिला असता तर तिथे ठळक डोंगर असता. प्रत्यक्षात तिथे थोडासा फुगवटाच आहे. त्यावरून ही तूट भूवैज्ञानिक अर्थाने अलीकडेच जागी झाली, असा निष्कर्ष निघतो. भूरूप इथे भूकंप झाल्याचे सांगते आणि तो केव्हापासून होत नव्हता, हेही सांगते.

हे वाचन करण्याची साधने अलीकडे फार सुधारली आहेत. विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी झाडोऱ्याखालची जमीन हातभर अचूकतेने मोजता येते आणि जंगलात दडलेल्या कडा उघड होतात. उपग्रहांवरील रडारने भूकंपाआधी व नंतर घेतलेल्या प्रतिमांची तुलना करून सेंटिमीटरभर उचलही टिपता येते. संशयित कडेवर आडवा चर खणून तुटलेले आणि अखंड थर वेगळे केले जातात. कोळशाच्या किरणोत्सारी कालमापनाने किंवा वाळूच्या कणांना शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा मिळाला हे मोजून त्या थरांचे वय काढले जाते. नदीच्या लांबीचा उतार मोजताना जिथे अकारण धबधबा किंवा एकदम बदललेला चढ दिसतो, तिथे तूट असण्याची शक्यता तपासली जाते.

वाचताना फसगतही होऊ शकते, आणि दख्खनमध्ये ती विशेष सोपी आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या भूकंपांच्या नाहीत. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या कठीण आणि ठिसूळ थरांची झीज वेगवेगळ्या गतीने झाल्याने त्या पडल्या आहेत. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. म्हणून पठारावर एखादा सरळ कडा किंवा सरळ वाहणारी नदी दिसली की लगेच तिथे जागता प्रस्तरभंग आहे असे म्हणता येत नाही. थर खरोखरच खालीवर सरकलेत का, अलीकडचा गाळही तुटलेला आहे का, हे खणून पाहिल्यावरच निर्णय करता येतो.

या अभ्यासाचे मोल केवळ जिज्ञासेपुरते नाही. भूकंपमापक यंत्रांचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आणि लेखी नोंदींचा फार तर काही शतकांचा आहे. ज्या तुटी हजारो वर्षांनी एकदा सरकतात त्यांच्यासाठी हा काळ अतिशय तोकडा पडतो. फक्त ज्ञात भूकंपांवरून नकाशा काढला तर जिथे भूकंप होऊन गेला तिथेच धोका दिसतो आणि बाकी सगळा प्रदेश सुरक्षित वाटतो. किल्लारीच्या बाबतीत नेमके तेच झाले होते. २००२च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. भारताचा कोणताही भाग भूकंपाच्या दृष्टीने पूर्णपणे निर्धोक मानू नये, ही भूमिका त्यातून मान्य झाली. १९९७चा जबलपूरचा भूकंप किंवा २०१८च्या अखेरीपासून पालघर-डहाणू परिसरात बसत आलेले धक्के हेच अधोरेखित करतात.

स्थिर भूमीतल्या पुढच्या भूकंपाची जागा आणि वेळ सांगता येत नाही. कोणत्या प्रकारच्या तुटी जाग्या होऊ शकतात, त्या किती लांब फाटतात, जमीन किती उचलली जाते, कुठला गाळ पातळ होतो आणि कुठल्या नद्या अडतात, हे मात्र भूरूपांच्या वाचनातून सांगता येते. धरणे, नळवाहिन्या, अणुवीज केंद्रे आणि साधी घरे बांधताना हे ज्ञान थेट उपयोगी पडते. अल्लाह बंदाची लांबी, कॅडेलची उंची, किल्लारीच्या बेसॉल्टमधले सहा मीटर आणि न्यू मॅड्रिडच्या वाळूच्या चकत्या या सर्व नोंदी मिळून स्थिर भूमीच्या वर्तनाचा आलेख तयार होतो. तो अजून अपुरा आहे, कारण या प्रदेशांचा फार थोडा भाग या नजरेने तपासला गेला आहे. जिथे शेती, वस्ती आणि पाऊस खुणा झपाट्याने पुसतात, तिथे हे काम अधिक निकडीचे आहे. भूकंपानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच, जमीन पुन्हा नांगराखाली जाण्याआधी, उठलेल्या प्रत्येक बांधाची मोजणी आणि नोंद झाली पाहिजे.